जावकरावांचे अकरा कॅन

तळणीच्या तेलापासून घरच्या घरी गाडीचं इंधन करता येतं की नाही, या वादात पडायचं कारण नाही. येतं. जावकरावांनी ते दोन वर्षं केलं होतं. त्यांची जुनी डिझेल गाडी ऑफिसच्या कँटीनमधल्या वापरलेल्या तेलावर चालत होती आणि चांगली चालत होती. सिग्नलला मागे थांबलेल्या लोकांना अवेळी भूक लागायची, एवढाच काय तो दोष. तेव्हा ही गोष्ट इंधनाची नाही. इंधन कधीच जळून गेलं. ही गोष्ट जे उरलं त्याची आहे.

उरतं ते असं. तेल गाळायचं, गरम करायचं, स्पिरिटसारखं एक रसायन आणि कॉस्टिक सोडा एकत्र करून त्यात ओतायचा, ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वर पिवळंधमक इंधन तरंगतं आणि तळाशी एक काळपट तपकिरी, चिकट, हट्टी पदार्थ बसतो. हे सगळं शिकवणाऱ्या गृहस्थांचा व्हिडिओ जावकरावांनी मोबाइलवर निदान चाळीस वेळा पाहिला होता. त्यात ते गृहस्थ हसतमुखाने म्हणतात, ‘आता खालचा थर काढून टाका.’ आणि व्हिडिओ संपतो. कुठे टाका, कसा टाका, टाकल्यावर काय होतं, एक अक्षर नाही. जावकरावांनी तो थर काढला आणि कॅनमध्ये भरला. दर महिन्याला थोडा थोडा. दोन वर्षांत वीस वीस लिटरचे अकरा कॅन भरले.

दुसरा कोणी असता तर त्याने पहिल्याच महिन्यात तो थर मोरीत ओतून हात धुतले असते. तसं करू नये, पाइप तुंबतात, हे खरंच. पण जावकरावांची अडचण वेगळी होती. ते ऑफिसात एकतीस वर्षं आवक-जावक विभागात होते. नोंद केल्याशिवाय, क्रमांक टाकल्याशिवाय आणि समोरच्याची पोच घेतल्याशिवाय त्यांच्या हातून कागदाचा कपटाही बाहेर गेला नव्हता. म्हणून तर लोक त्यांना जावकराव म्हणायचे, आधी मागून आणि मग तोंडावरही. मोरी पोच देत नाही. त्यामुळे अकराही कॅनांवर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर तारीख होती, आणि ‘कोणाकडे पाठविले’ या रकान्यात दोन वर्षं नुसती रेघ होती.

आता ते कॅन ठेवले होते कुठे, तर घराला लागून असलेल्या बाजूच्या खोलीत. आणि ती खोली होती बाईंची.

बाई म्हणजे जावकरावांची बायको. त्या उत्तम शिवत आणि त्याहून उत्तम शिकवत, म्हणून सगळी गल्लीच त्यांना बाई म्हणे. बाजूच्या खोलीत शिवणाचा वर्ग काढायचा हे त्यांच्या मनात नऊ वर्षं होतं. पहिल्यांदा ठरलं तेव्हा घराला रंग काढला आणि सगळं सामान त्या खोलीत गेलं. दुसऱ्यांदा जावकरावांच्या भावाची बदली झाली आणि त्याची तीन कपाटं ‘चार दिवसांसाठी’ आली, ती दोन वर्षांनी गेली. मग तेल आलं. दर वेळी बाईंनी शिलाई मशीन जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि जेवायच्या वेळी उचलून ठेवलं. पण यंदा आठ जणींनी नावं दिली होती, चार मशिनं यायची होती आणि एक तारखेला वर्ग सुरू होणार होता.

महिन्याच्या दहा तारखेला बाईंनी नवऱ्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं. तोंडी आश्वासनांचा त्यांना कंटाळा आला होता. जावकरावांनी लिहिलं, ‘विषय : बाजूची खोली रिकामी करून देणेबाबत.’ खाली मजकूर, खाली सही, सहीखाली तारीख. बाईंनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, “या वेळी झालं नाही तर मी पुन्हा मागणार नाही.” हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की जावकराव घाबरले. हातात वीस दिवस होते.

सल्ला विचारायला लांब जावं लागलं नाही. वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर राहत होते आणि विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून ते कासावीस झाले होते. त्यांनी कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला, अणूपासून सुरुवात केली आणि पाऊण तासाने ग्लिसरीनपाशी पोहोचले. हा पदार्थ म्हणजे अशुद्ध ग्लिसरीन. शुद्ध असतं तर लोकांनी तोंडाला लावलं असतं. अशुद्ध आहे, तरी त्यात साबण आहेच. फक्त तो अजून ‘जागा झालेला नाही’. आधी झाकणं उघडी ठेवून स्पिरिट मोकळ्या हवेत उडू द्यायचं, जवळपास काडी ओढायची नाही, आणि मग थोडा सोडा, थोडं पाणी घालून उकळायचं. साबण होतो.

साबण झाला. एका कॅनातून एकसष्ट वड्या झाल्या. शिवाय घातलेलं पाणी आणि सोडा धरून त्या वड्यांनी एका कॅनाऐवजी दोन कॅनांची जागा घेतली, म्हणजे खोली होती त्याहून जास्त भरली, हे जावकरावांच्या उशिरा लक्षात आलं. वड्या तपकिरी होत्या, पण वड्या होत्या. पहिली वडी जावकरावांनी स्वतः वापरली. फेस आला. अडचण अशी की तो जाईना. चाळीस मिनिटं ते नळाखाली उभे होते आणि अंगावर हातमोजा घातल्यासारखं वाटत होतं. ऑफिसात त्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी आलेल्या तिघांनी कँटीनमध्ये आज काय आहे असं विचारलं. दुसरी वडी बाईंनी एका पडद्याला लावली. डाग गेला. पडद्यावर फुलं होती, तीही गेली.

उरलेल्या वड्या जावकरावांनी प्रेमाने गल्लीत वाटल्या, प्रत्येकाची सही घेऊन. दोन दिवसांत त्या परत आल्या. काहींनी तोंड भरून कौतुक केलं आणि वडी दिली, काहींनी दाराबाहेर ठेवून बेल वाजवली. सह्या खोडायच्या की परत आल्याची वेगळी नोंद करायची यात जावकरावांची एक संध्याकाळ गेली.

मग समोरच्या वहिनी पुढे आल्या. त्यांच्या गॅलरीत तीसेक कुंड्या होत्या आणि झाडांतलं त्यांना कळतं असं त्यांचं स्वतःचं मत होतं. जे तेल झाडापासून आलं ते झाडाला चालणारच, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. मास्तर म्हणाले, फार थोडं, भरपूर पाणी घालून, कचऱ्याच्या खतात मिसळून, आणि तेही सहा महिने मुरवून. वहिनींना सहा महिने नव्हते. त्यांनी बाटली भरून नेली आणि कुंड्यांना घातली. चार दिवस पानं अशी काही चमकली की वहिनींनी आणखी एक बाटली मागून घेतली. पाचव्या दिवशी सगळी झाडं चमकत चमकत गेली. तेव्हापासून वहिनी जावकरावांशी बोलेनाशा झाल्या. काही सांगायचं असलं तर गॅलरीतून बाईंना सांगत, जावकराव शेजारी उभे असले तरी.

जावकराव खचले नाहीत, मास्तर तर मुळीच नाहीत. गल्लीत धूळ फार. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, तेव्हा पाण्यात कालवून रस्त्यावर शिंपडलं तर धूळ बसेल, अशी मास्तरांची नवी कल्पना होती. गल्लीचं भलं होईल आणि कॅनही संपतील. एका संध्याकाळी दोघांनी झारीने अर्धा कॅन शिंपडला. धूळ बसली हे मान्य करायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवालाही बसला. तो सायकलवर नेहमीच्या वेगाने वळणावर आला, सायकल तिथेच आडवी झाली आणि तो बसल्या बसल्या, हातात पेपर तसाच धरून, जावकरावांच्या फाटकापर्यंत सरळ घसरत आला. लागलं काही नाही. तो उठेपर्यंत दूधवाला आला. मग जावकरावांनी गल्ली धुवायला घेतली. पण त्या पदार्थात मुळातच साबण होता, तो आता जागा झाला आणि बादलीगणिक फेस वाढत गेला. दहा वाजता ऑफिसला निघालेली माणसं पँटी वर धरून गुडघाभर फेसातून चालली होती आणि जाता जाता जावकरावांकडे बघत होती. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लोक नुसते बघत होते.

तो दिवस जावकरावांच्या मनाला लागला. एकतीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय टपाल हललं नाही, त्याच्याकडे लोकांनी असं बघावं? त्यांनी ठरवलं, आता शेजारपाजार बस झालं. आता रीतसर जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काचेच्या बरणीत नमुना घेतला, रजा टाकली आणि नगरपालिकेत गेले.

रीतसर म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. ते आधी तळमजल्यावर मलनिस्सारण विभागात गेले. तिथल्या साहेबांनी बरणी हातात घेतली आणि उलटी केली. सकाळचा गारवा होता. आतला पदार्थ गोठून घट्ट बसला होता, हलेना. साहेब म्हणाले की आमच्याकडे जे वाहतं ते येतं, हे तर घन आहे, वर घनकचरा विभागात जा. जावकरावांना ते पटलं. घनकचरा विभाग गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये होता आणि तिथले साहेब बैठकीला गेले होते, दीड वाजता आले. तोवर पत्रा तापला होता. साहेबांनी बरणी उलटी केली आणि पदार्थ झाकणाच्या कडेने त्यांच्या टेबलावर, टेबलावरून फायलीवर, फायलीवरून पँटीवर आला. हे द्रव आहे, ते म्हणाले, खाली जा.

जावकराव खाली गेले. तळमजल्यावर भिंती जाड, खिडक्या उत्तरेला. रांगेत तासभर उभे राहीपर्यंत पदार्थ पुन्हा बसला होता. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक युक्ती केली, बरणी शर्टाच्या आत पोटाशी धरून गरम ठेवली आणि तशीच मलनिस्सारणाच्या टेबलावर ठेवली. तेव्हा तो पदार्थ ना घन होता ना द्रव, नुसता थलथलत होता. साहेबांनी ती बरणी हलवून पाहिली, बराच वेळ हलवत राहिले, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून त्यालाही दाखवली. दोघं हसले. जावकरावांनी बरणी उचलली आणि घरी आले. ते तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. जेवायला बसत आणि ताटाकडे बघत जेवत.

चौथ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, त्यांनी अर्ज लिहिला. एक तारीख सोमवारी होती.

अर्ज कसा लिहावा हे ज्ञान त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. साध्या शब्दांत लिहिलेला अर्ज कोणी वाचत नाही. वाचायला लावायचं असेल तर त्यात वजन हवं. ‘माझ्याकडे तेलाचा गाळ आहे, तो न्या’ असं लिहिलं असतं तर तो सात पिढ्या पडून राहिला असता. म्हणून त्यांनी लिहिलं : ‘अर्जदाराच्या निवासस्थानी अनिश्चित स्वरूपाचा, चिकट व संभाव्य घातक पदार्थ मोठ्या प्रमाणावर साठलेला असून त्यामुळे परिसराच्या आरोग्यास बाधा पोहोचण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ ‘शक्यता नाकारता येत नाही’ या शब्दांवर त्यांचा फार विश्वास होता. त्यांनी तीन प्रती काढल्या, एकीवर पोच घेतली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. काय केलं ते मात्र बाईंना सांगितलं नाही. काम झाल्यावरच सांगायचं, असा त्यांचा बेत होता.

अर्ज वाचला गेला. इतका की शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गाडी दारात उभी होती. एक अधिकारी आणि चार माणसं उतरली. जावकराव हरखून पुढे झाले. अधिकारी सज्जन होते. त्यांनी अर्ज मोठ्याने वाचला आणि आपल्या नोकरीत इतका नेमका अर्ज आपण पाहिला नाही असं सांगितलं. जावकरावांचे कान लाल झाले. मग अधिकाऱ्यांनी रिकामे झालेले धरून अकरा कॅन मोजले, वड्या मोजल्या, नमुना घेतला, पंच म्हणून मास्तरांना आणि समोरच्या वहिनींना बोलावलं, वहिनींनी फार समाधानाने सही केली, आणि चार माणसांनी मिळून बाजूच्या खोलीला कुलूप घातलं, कुलपावर फडकं बांधलं आणि फडक्यावर लाख लावली. दारावर कागद चिकटवला. पुढील आदेश होईपर्यंत सदर खोली उघडण्यास व सदर पदार्थ हलविण्यास मनाई.

न्यायचं होतं, असं जावकराव म्हणाले. अधिकारी म्हणाले, घातक पदार्थ असा कसा नेता येईल, आधी तो काय आहे ते ठरलं पाहिजे. आणि घातक असल्याचं तुम्हीच तर लिहिलंय.

बाई दोरे आणायला बाजारात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा जावकराव त्या दारासमोर उभे होते. बाईंनी लाख पाहिली, कागद वाचला आणि हे कोणी केलं असं विचारलं. जावकरावांनी अर्जाची प्रत पुढे केली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

“उद्या दहा वाजता टेंपो येणार होता,” त्या म्हणाल्या.

“कसला टेंपो?”

“कपड्यांचा साबण करणारे एक आहेत, गावाबाहेर कारखाना आहे त्यांचा. दोरेवाल्याने पत्ता दिला. त्यांना हेच लागतं. सगळं नेतो म्हणाले, आहे तसं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“कसं सांगणार? तुम्ही तीन दिवस ताटाशी बोलत होता. आणि काल स्वतःहून हसलात, म्हटलं आता बरं वाटतंय तर टेंपो आल्यावरच सांगू.”

जावकरावांना वाईट वाटलं. नुसतं वरवरचं नाही, आतून वाटलं. बाई रागावल्या असत्या तर त्यांनी वाद घातला असता, मलनिस्सारणाला दोष दिला असता, मास्तरांना मध्ये ओढलं असतं. पण बाईंनी दोऱ्यांची पिशवी खुंटीला टांगली आणि आत गेल्या. नऊ वर्षांत प्रथमच ती खोली खरोखर मिळणार होती आणि आपण ती आपल्या हाताने, तीन प्रतींत अर्ज करून बंद करून घेतली, हे जावकरावांना कितीही उलटसुलट करून पाहिलं तरी बदलता येईना.

शनिवारी साबणवाले आले. खिडकीच्या गजांतून त्यांनी कॅन पाहिले, बोट घालून एका वडीचा तुकडा ओढून घेतला, दोन बोटांत चोळला आणि माल चांगला आहे म्हणाले. मग दारावरचा कागद वाचला आणि रिकामा टेंपो घेऊन गेले.

रविवारी चार मशिनं आली. ती ठेवणार कुठे? बाईंनी पदर खोचला आणि हॉलकडे वळल्या. सोफा उभा करून भिंतीला लावला, टीव्ही तोंड फिरवून कोपऱ्यात बसवला, जेवणाच्या टेबलावर फळ्या टाकून कापायचं टेबल केलं आणि जावकरावांची कॉट घरातल्या बोळात सरकवली. सोमवारी ठरल्या वेळी, ठरल्या तारखेला, आठ जणी आल्या आणि वर्ग सुरू झाला.

त्यानंतर जावकरावांचं जे झालं ते त्यांनाच नीट समजलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून यायचं तर आत कोणाची तरी मापं चाललेली असत, म्हणून बेल वाजवून जिन्यात बसायचं. जिन्यात मास्तर असतच. चहा जिन्यातच मिळे. आतून मशिनांचा खडखडाट, मध्येच बाईंचा आवाज आणि मग सगळ्यांचं हसू ऐकू येई. बाई इतक्या हसतात हे जावकरावांना माहीत नव्हतं. आपल्याला हसतायत की काय, असा आधी त्यांना संशय आला. मग लक्षात आलं की आतल्यांना आपली आठवणही नसावी, आणि ते जास्त लागलं.

त्यांनी एकच ध्यास घेतला. खोली सोडवायची. ज्याने बंद करून घेतली त्यानेच उघडून द्यायची. रोज जेवायच्या सुट्टीत ते नगरपालिकेत जात. खोली उघडायला प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता. अहवाल आला तेव्हा त्यात लिहिलं होतं : ‘पाठविलेला घन नमुना आढळून आला नाही. बाटलीत केवळ द्रव आहे.’ शुक्रवारी सकाळी गारव्यात अधिकाऱ्यांनी नमुन्यावर ‘घन’ लिहिलं होतं आणि प्रयोगशाळेने बाटली दुपारी उघडली होती. आता आधीचा घन नमुना गेला कुठे, याची चौकशी सुरू झाली. जावकरावांना दोनदा लेखी खुलासा द्यावा लागला की त्यांनी तो काढून घेतलेला नाही.

तीन आठवडे गेले. शेवटी एका दुपारी ते तिसरा खुलासा द्यायला गेले, तेव्हा नगरपालिकेच्या आवक टेबलावरच्या म्हाताऱ्या कारकुनाने त्यांचा कागद घेतला, क्रमांक टाकला आणि तो टाकताना जावकराव ज्या नजरेने बघत होते ती नजर ओळखली. कोणत्या विभागात, त्याने विचारलं. आवक-जावक, एकतीस वर्षं. म्हाताऱ्याने त्यांना बसायला स्टूल दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला की पदार्थाचं वर्णन बदला. ‘घातक’ लिहू नका, ‘घन’ नको, ‘द्रव’ नको. ‘साबणाचा कच्चा माल’ लिहा आणि साबणवाल्याचं पत्र जोडा. कच्चा माल म्हणजे कचरा नाही, आणि कचरा नाही तर तो आमच्या अखत्यारीतच येत नाही.

चार दिवसांत आदेश निघाला. सील काढण्यात यावे.

जावकरावांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त गोंधळ झाला. कॅन तेच, आतला गाळ तोच, बरणीही तीच. एक ओळ बदलली आणि घातक पदार्थाचा माल झाला. मग आपण एकतीस वर्षं नक्की काय नोंदवत होतो? मास्तरांना विचारलं तर त्यांनी अणूपासून सुरुवात केली.

साबणवाले पुन्हा आले. जावकरावांनी अकरा कॅन आणि वड्या स्वतः टेंपोत चढवून दिल्या, रजिस्टर उघडलं, ‘कोणाकडे पाठविले’ या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं आणि सही घेतली. दर महिन्याला इतकं मिळेल का, साबणवाल्यांनी विचारलं. जावकरावांनी नाही म्हणून सांगितलं. तेल करायचं त्यांनी सोडलं होतं. कँटीनवाल्याला तसं कळवलं होतं, लेखी. मग त्यांनी दोन दिवस खोली घासली. गुडघ्यावर बसून, गरम पाण्याने, कोपऱ्यांत जुना दात घासायचा ब्रश घालून. भिंतीला चुना लावला. खिडकीच्या काचा पुसल्या. फरशीवर पाय टाकला तर चिकटत नव्हता आणि घसरतही नव्हता. तिसऱ्या दिवशी, वर्ग चालू असतानाच, त्यांनी हॉलच्या दारात उभं राहून बाईंना बोलावलं.

बाई गळ्यात टेप घालून आल्या. मागून आठ जणी. बाईंनी खोलीच्या मधोमध उभं राहून चारी भिंती पाहिल्या. फरशीवरून हात फिरवला. खिडकीशी जाऊन सुईत दोरा ओवून पाहिला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ओवला.

“फार छान केलीत,” त्या म्हणाल्या. “पण आता मला ही नको.”

“नको म्हणजे?”

“नको म्हणजे नको. हॉलमध्ये उजेड चांगला आहे. मशिनं बसलीत, बायका बसल्यात. उगाच कशाला हलवू? नऊ वर्षं मी एक खोली मागत होते, मला वाटायचं तेवढंच मागावं.” त्यांनी सुई टेपच्या टोकाला खोचली. “ही तुम्ही घ्या. तुमची कॉट बोळातून इथे टाका. हॉल आता माझा.”

जावकराव काही बोलायच्या आत हॉलमधून कोणीतरी हाक मारली, बाही उलटी लागली होती. बाई गेल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “फरशी तुम्ही स्वतः घासलीत ना? कळलं मला. बरं वाटलं.” आणि आठ जणींना घेऊन आत गेल्या.

जावकराव खोलीत एकटेच राहिले. हा आपला मान झाला की आपल्याला बाहेर काढलं, हे त्यांना समजेना. दोन वर्षं जी खोली त्यांच्याने रिकामी होत नव्हती ती आता कायमची त्यांची होती. त्यांनी कॉट आणली. उशी आणली. रजिस्टर आणलं आणि खिडकीत ठेवलं. मग आणखी काय आणावं याचा विचार केला तेव्हा काही सुचेना. पलीकडे मशिनं सुरू झाली. ते कॉटवर बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी खोलीचं दार ओढून घेतलं आणि हॉलच्या दारापाशी येऊन उभे राहिले.

बाईंनी मान वर केली. काय हवंय, त्यांनी विचारलं. जावकराव म्हणाले की काही नको, तिथे फार शांत वाटतं. मशिनवरच्या आणि टेबलावरच्या आठही बायका थांबून त्यांच्याकडे बघत होत्या. बाईंनी टेबलाजवळच्या स्टुलावरची कापडं उचलली, स्टूल पुढे सरकवलं आणि बटणं नसलेला एक शर्ट त्यांच्या हातात दिला.

“बसायचं तर काहीतरी करत बसा,” त्या म्हणाल्या.

जावकरावांनी चष्मा पुसला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. पहिलं बटण त्यांनी उलट्या बाजूला लावलं. बाईंनी ते पाहिलं, उसवलं आणि शर्ट पुन्हा त्यांच्या हातात दिला.